लघुउद्योग आणि आभासी वास्तव : उपयुक्ततेच्या दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखांच्या चर्चासत्रांतून अलीकडे संवर्धित वास्तव (ऑगमेंटेड रिॲलिटी) आणि आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिॲलिटी) या तंत्रज्ञानांचे लाभ वारंवार मांडले जातात. प्रत्यक्ष परिसरावर संगणकीय प्रतिमा आरोपित करते ते संवर्धित वास्तव, तर पाहणाऱ्याला संपूर्णपणे कृत्रिम परिसरात नेते ते आभासी वास्तव. हे तंत्रज्ञान लहान उद्योगांनाही मोठ्यांच्या बरोबरीने आणते, असा या मांडणीचा सूर असतो. या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणे कोणाची?

ऑगमेंटेड रिॲलिटी ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांच्या कामातून पुढे आली. विमानातील तारांची जोडणी कामगारांना सुलभ व्हावी, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजेच या तंत्रज्ञानाचा औद्योगिक उगमच प्रचंड भांडवलाच्या क्षेत्रात आहे. पुढील काळातील बहुचर्चित उदाहरणेही त्याच वर्गातील आहेत.

आयकिया या कंपनीने २०१७ मध्ये ग्राहकाला आपल्या खोलीत फर्निचर ठेवून पाहता येईल असे ॲप आणले. प्रारंभीच त्यात सुमारे २००० वस्तू होत्या. हे शक्य झाले, कारण कंपनीच्या वस्तू ठरावीक मापाच्या असतात आणि कॅटलॉगसाठी त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा ती आधीपासूनच तयार करीत होती. एका प्रतिमेचा खर्च असंख्य नगांच्या विक्रीवर विभागला जातो. याउलट, मागणीनुसार कपाट किंवा दिवाण बनविणाऱ्या आपल्याकडील सुताराची प्रत्येक वस्तू वेगळी असते. त्याच्या बाबतीत प्रतिमेचा संपूर्ण खर्च एकाच नगावर पडतो. तंत्र तेच असले तरी अर्थशास्त्र भिन्न आहे.

प्रशिक्षणाबाबतही हेच दिसते. वॉलमार्टने २०१८ मध्ये आपल्या अमेरिकेतील दुकानांसाठी सुमारे १७,००० ऑक्युलस गो संच घेण्याचे जाहीर केले. दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी एकदा तयार केलेला पाठ पुनःपुन्हा उपयोगी पडतो. बारा कामगारांच्या कारखान्यात तोच पाठ अनुभवी कारागीर यंत्रापाशी उभा राहून अधिक स्वस्तात शिकवितो.

परावलंबनाचा प्रश्न

खर्चाहून गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा आहे. उपरोक्त ऑक्युलस गोची विक्री २०२० मध्ये थांबविण्यात आली. गुगल ग्लासच्या औद्योगिक आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने स्पार्क हा मंच बंद केला आणि इन्स्टाग्राम व फेसबुकवर बाहेरील व्यावसायिकांनी तयार केलेले संवर्धित वास्तवाचे परिणाम वापरातून गेले. मोठी कंपनी असा तोटा संशोधनखर्चात सामावून घेते. लहान उद्योजकाचे मात्र खेळते भांडवल त्यात अडकते. मंचाचे धोरण ठरविण्यात त्याला कोणताही आवाज नसतो, ही बाब लाभांच्या यादीत कोठेही आढळत नाही.

मर्यादित, परंतु खरी उपयुक्तता

तथापि, हे तंत्रज्ञान लघुउद्योगांना निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ज्या अभियांत्रिकी कारखान्यात यंत्राचा आराखडा संगणकावर त्रिमितीय स्वरूपात आधीच तयार असतो, तेथे प्रतिमेचा बराच खर्च उचलला गेलेला असतो. अवजड यंत्र प्रदर्शनात वाहून नेण्याऐवजी ग्राहकाच्या जागेत ते खऱ्या मापात दाखविणे किफायतशीर ठरू शकते. त्यासाठी महागड्या चष्म्याची आवश्यकता नाही. ही सोय असलेला मोबाईल पुरेसा आहे. जीएलटीएफसारख्या खुल्या स्वरूपात प्रतिमा जतन केल्यास एखादा मंच बंद पडला तरी ती उद्योजकाच्या हाती राहते.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागेल. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १० कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योग सूक्ष्म, तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटींपर्यंतचा उद्योग लघु मानला जातो. या दोहोंना ‘लहान कंपन्या’ या एकाच शब्दात बसवून केलेली शिफारस शास्त्रीय म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

तंत्रज्ञान स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. वस्तूची प्रतिमा किती वेळा वापरली जाणार आहे? तिचा आराखडा आधीच उपलब्ध आहे काय? आणि मंच बंद पडल्यास उद्योजकाकडे काय उरते? या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील, तर चांगली छायाचित्रे व अचूक मापे देणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

या संदर्भात अध्यापकांची जबाबदारीही लक्षणीय आहे. आपले अनेक विद्यार्थी घरच्या लहान व्यवसायांत परततात आणि वर्गात ऐकलेल्या शिफारशींवर तेथे प्रत्यक्ष पैसा खर्च होतो. म्हणून त्यांच्या प्रकल्प-अहवालांत लाभांच्या यादीइतकाच प्रति नग खर्चाचा हिशेब अनिवार्य केला जावा, असे सुचवावेसे वाटते.