१७.२ मीटरच्या आतला आवाज

बालभारतीच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकात (२०१७) ‘ध्वनीचा अभ्यास’ हे प्रकरण आहे. प्रकरण नेटके आहे. परावर्तन, प्रतिध्वनी, निनाद, सोनार, सोनोग्राफी, मानवी कान अशी त्याची वाटचाल. परंतु ज्या खोलीत बसून हा धडा शिकवायचा, तिच्याबद्दल तो फारच थोडे बोलतो, अशी आमची तक्रार आहे.

कानावर पडलेल्या ध्वनीची संवेदना सुमारे ०.१ सेकंद टिकते. २२ अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४४ मीटर जातो. म्हणून स्पष्ट प्रतिध्वनीसाठी भिंत निदान १७.२ मीटर दूर हवी. गणित बिनचूक आहे. पण विद्यार्थी त्यावरून समजतो की याहून जवळच्या भिंती जणू हिशेबातच नाहीत. पुढे निनाद येतो खरा, पण घाईघाईने.

नाशिकच्या शिक्षकांनी पांडवलेण्यांच्या सहलीत हे पडताळून पाहावे. १८ क्रमांकाचे चैत्यगृह सुमारे १२ मीटर लांब आहे. म्हणजे पुस्तकी नियमाने वेगळा प्रतिध्वनी तेथे अपेक्षित नाही. पण हलकीशी टाळी वाजवा. उघडा कातळ ध्वनी फारसा शोषत नाही, त्यामुळे ती रेंगाळत राहते.

घरी याचीच प्रचीती दोन स्पीकर देतात. आपला हॉल ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद धरू. स्पीकर बहुधा कोपऱ्यात किंवा शोकेसच्या कप्प्यात जातात, कारण तेथे ते पायात येत नाहीत. आता ८६ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी बरोबर ४ मीटर. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून स्थिर तरंग तयार होतो. हवेच्या दाबातला चढउतार भिंतींलगत आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त, तर प्रत्येक भिंतीपासून १ मीटरवर जवळजवळ नाहीच. मोबाईलमधल्या ॲपने हा सूर काढून मोठ्या स्पीकरला जोडावा (मोबाईलचा इवलासा स्पीकर इतका खालचा सूर काढू शकत नाही). स्पीकर आखूड भिंतीच्या मध्याशी जमिनीवर ठेवावा आणि समोरच्या भिंतीकडे सरळ चालत जावे. आवाज दोनदा बुडतो, दोनदा वर येतो. खोली लांब किंवा आखूड असेल तर वारंवारता त्या प्रमाणात बदलावी. डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीवर गडगडतो आणि शेजारच्या खुर्चीवर हरवतो, यात तबलजीचा काही दोष नसतो.

कोपऱ्यात दोन भिंती व जमीन एकत्र येतात. तेथे ठेवलेला स्पीकर असे सगळेच स्थिर तरंग जोराने चेतवतो, म्हणून खालचे सूर फुगतात. त्याला मागच्या भिंतीपासून दोनेक फूट पुढे घ्यावे. बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर मात्र याहून वेगळे ठेवावे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि उंच सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीवर यावा. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या तारा विकत घेऊन पडत नाही. त्या तारांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून हे सांगितले.

आणखी एक करून पाहावे. ऐकणाऱ्याने जागेवर बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला की तेथूनच पहिले परावर्तन येते. तेथे जाड गोधडी टांगली की गायकाची जागा अधिक नेमकी जाणवू लागते. पुस्तकातला दोन नळ्यांचा प्रयोग हाच नियम शिकवतो. पण गोधडीने डग्ग्याचा घुमारा कमी होत नाही. ५००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ७ सेंटीमीटर, त्यामुळे तिच्यापुढे भिंत आरशासारखी वागते. ४ मीटरच्या तरंगाला खोली आणि तरंग सारख्याच मापाचे. परावर्तनाचा नियम सांगताना तरंगलांबीची ही मर्यादा पुस्तकाने सांगायला हवी होती. आमच्या मते प्रकरणातली खरी उणीव हीच आहे.

सार्वजनिक सभागृहातला निनाद कसा कमी कराल, असा प्रश्न पुस्तक विचारते आणि पुढे जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या उशा रात्री तेथे आणून एकेक वाढवत हा काळ मोजला. ही हकीकत नववीच्या मुलांना सहज कळेल.

उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या वर्गातही हेच घडते. ‘स’ हा क्षीण ध्वनी असतो, आधीच्या स्वराच्या निनादात तो बुडतो. शेवटच्या बाकावर ‘साठ’चा ‘आठ’ ऐकू येतो आणि वहीत उत्तर चुकते. वर्ग भरलेला असताना एक टाळी वाजवावी आणि मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात दुसरी. उशांचे काम मुलेच करतात, हे कानाला कळेल.