सुविचारांतले बाबासाहेब आणि शब्दांची राखण

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर कविता, कथा आणि आत्मकथन यांची भरपूर चिकित्सा केली. परंतु आपल्या समाजात सर्वांत जास्त वाचला जाणारा वाङ्मयप्रकार तिच्या कक्षेत फारसा आला नाही. हा प्रकार म्हणजे सुविचार. वस्तीच्या कमानीवर, विहाराच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, शाळेच्या फळ्यावर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर जे चार शब्द लिहिलेले असतात, तेच पुष्कळांच्या बाबतीत बाबासाहेबांचे पहिले आणि कित्येकदा शेवटचे वाचन असते. म्हणून ते शब्द खरोखर कोणाचे, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे तितकाच चळवळीचाही आहे.

माझ्यापुढे तो आला संगणकाच्या वाटेने. युनिक्स या प्रणालीबरोबर १९७० च्या दशकाअखेरीपासून ‘फॉर्च्युन’ नावाची एक छोटी आज्ञावली चालत आली आहे. ती चालवली की पडद्यावर एखादे वचन उमटते. तिच्यामागे मजकुराच्या साध्या फाइली असतात : वचन, बहुधा त्याखाली बोलणाऱ्याचे नाव, आणि दोन वचनांच्या मध्ये टक्क्याचे चिन्ह. लिनक्सवर ती आजही मिळते. काम मुक्त स्रोताचे असल्याने फाइल कोणीही उघडून वाचावी, चूक दाखवावी. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली याची नोंद मागे राहते. घाटकोपर-मुलुंडकडच्या माझ्या काही विद्यार्थ्यांनी तशीच एक मराठी फाइल करायला घेतली आणि तीतली फुले-आंबेडकरांची वचने तपासायचे काम माझ्याकडे आले. त्या तपासणीत जे दिसले ते येथे मांडतो.

शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे आणि ते पिणारा गुरगुरल्याशिवाय राहत नाही, हे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने घरोघर आहे. मी ते जितक्या ठिकाणी पाहिले तितक्या ठिकाणी त्याखाली ना सभेचे गाव, ना तारीख, ना खंड, ना पृष्ठ. ‘वाघिणीचे दूध’ ही प्रतिमा मराठीत रूढ आहे ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने, आणि तीही इंग्रजी भाषेविषयी. हे चिपळूणकर कोण? १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवणारे आणि तिच्यातून जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची, त्यांच्या मराठीची टर उडवणारे. जो जोतीरावांच्या भाषेला हसला, त्याच्या नावाची प्रतिमा आपण जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या तोंडी घालतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो! शिवाय प्रतिमाही तपासून पाहावी. गुरगुरण्यात शिकलेल्या एकट्या माणसाचा दरारा आहे. बाबासाहेबांनी शिक्षणाला घातलेली शीलाची अट त्यात कोठे आहे?

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपले घोषवाक्य. १८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिच्यातल्या बाबासाहेबांच्या भाषणाचा इंग्रजी पाठ शासनाच्या ग्रंथमालेच्या सतराव्या खंडात आहे. त्यात तीन क्रियापदे येतात : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. म्हणजे चेतवणे दुसरे आणि संघटना तिसरी. मराठीत हा क्रम उलटला, आणि मग त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून तोच उलटा क्रम इंग्रजी फलकांवरही गेला.

क्रमाने काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. मन ढवळून निघाल्याशिवाय, अन्यायाची चीड जागी झाल्याशिवाय जी संघटना उभी राहते ती पदाधिकाऱ्यांची यादी असते. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती गट झाले, हे वाचकांना सांगायला नको. प्रत्येक गटापाशी संघटना होती; चेतवण्याचे काम मात्र ‘नंतर’वर टाकलेले. घोषवाक्याच्या क्रमामुळे पक्ष फुटला असा माझा दावा नाही. पण आपल्याला सोयीचा क्रम आपण किती सहज स्वीकारला, हे त्यातून दिसते.

त्याहून मोठा बदल पहिल्या शब्दात झाला आहे. ‘एज्युकेट’ म्हणजे शिकवा. ‘शिका’ म्हटले की माणूस स्वतःपुरता मोकळा होतो : पदवी घेतली, नोकरी लागली, वस्ती सोडून बोरिवलीला सदनिका घेतली, आज्ञा पाळून झाली. ‘शिकवा’ म्हटले की जबाबदारी पदवीनंतर सुरू होते. माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधराला यातला कोणता शब्द सोयीचा आहे आणि कोणता अडचणीचा, हे उघड आहे. त्याच भाषणात बाबासाहेब पुढे सांगतात की हा लढा संपत्तीसाठी वा सत्तेसाठी नाही, तो स्वातंत्र्यासाठी आणि माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे. सुविचार तेवढे कापून टाकतो आणि तीन शब्द ठेवतो.

कापणे ही सुविचारांची जुनीच रीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाच्या आरंभी जोतीरावांनी अविद्येच्या अनर्थाची जी मालिका लिहिली, ती एका महाविद्यालयाच्या भिंतीवर मी पाहिली. तिच्यातली शूद्र खचल्याची ओळ गाळलेली होती. उरला तो विद्येचा सर्वसाधारण महिमा, कोणालाही न बोचणारा. कारण राहिले, परिणाम राहिले, ज्याच्यावर ते कोसळले तो माणूस तेवढा नाहीसा झाला. येथे शब्द सगळे जोतीरावांचेच आहेत, आणि तरीही वचन खोटे आहे.

अशा फाइलीत दुरुस्ती कोणत्या कसोटीवर करायची? माझी कसोटी साधी आहे. वचनाखाली नावाबरोबर तारीख, ठिकाण, मूळ भाषा आणि खंड-पृष्ठ हवे. मूळ भाषणाची भाषा तर हवीच. येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा, महाडची भाषणे मराठी माणसांपुढची. त्यांचे इंग्रजी वृत्तांत पुन्हा मराठीत आणून ते बाबासाहेबांचे शब्द म्हणून छापणे हा निष्काळजीपणा आहे. चां. भ. खैरमोडे यांनी चरित्राचे खंड रचले, वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाची ग्रंथमाला निघू लागली, अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे आली. साधने तयार आहेत. ती हातात मिळत नाहीत हे दुःख वेगळे. खंडांची छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. खंड दुर्मिळ आणि सुविचार फुकट, अशा बाजारात खोटे नाणे चालणारच.

एक आक्षेप गंभीर आहे. वाघिणीच्या दुधाचे वाक्य ऐकून किती आयांनी मुलींना शाळेत धाडले असेल! ते लोकांचे झाले आहे. पुराव्याची वही घेऊन ते त्यांच्याकडून काढून घेणारे आम्ही कोण? हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून ते वाक्य पुसावे असे मी म्हणत नाही. इंग्रजी विकिक्वोटमध्ये वादग्रस्त आणि चुकीने नावावर चढलेल्या वचनांसाठी स्वतंत्र विभाग असतात. तसा विभाग आपणही करावा. त्याखाली ‘चळवळीत रूढ’ असे लिहावे. लोकांनी घडवलेल्या वाक्याला लोकांचे नाव मिळणे हा त्याचा अपमान नव्हे. खुद्द ती तीन क्रियापदेही १८८० च्या दशकात इंग्लंडमधील सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनने वापरली होती. ते सांगितल्याने बाबासाहेब उणे होत नाहीत, जगातल्या कष्टकऱ्यांच्या लढ्याशी त्यांचे नाते तेवढे स्पष्ट होते.

पण नाव मात्र खरेच हवे. आपणच प्रेमापोटी बाबासाहेबांच्या नावाने वाक्ये घडवू लागलो, तर उद्या विरोधक त्यांच्या नावाने वाक्य घडवील तेव्हा त्याच्यापुढे पुरावा मागायचा अधिकार आपल्याला उरणार नाही. बाबासाहेबांची स्वतःची रीत काय होती? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली भाषणातला मजकूर बदलायला सुचवले, तेव्हा स्वल्पविरामही बदलणार नाही असे त्यांनी कळवले. परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वतः छापले. पुढच्या आवृत्तीत गांधीजींची टीका समग्र दिली आणि मग उत्तर दिले. विरोधकाचे शब्दही जसेच्या तसे ठेवणारा हा माणूस!

घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. पुतळ्यासाठी रक्त सांडलेला हा समाज आहे. ज्यांच्या स्वल्पविरामालाही त्यांनी स्वतः हात लावू दिला नाही, त्यांच्या वाक्याची मोडतोड मात्र आपल्याच कमानीवर आपण खपवून घेतो. पोरांच्या त्या फाइलीत आता प्रत्येक वचनाखाली एक जास्तीची ओळ असते : कोठे, केव्हा, कोणत्या भाषेत. ज्यांना ती ओळ भरता आली नाही, त्या वचनांसाठी वेगळी फाइल आहे. आपल्या मंडळांनी, विहारांनी आणि नियतकालिकांनी पुढचा फलक रंगवण्याआधी, पुढचा अंक छापण्याआधी तेवढीच एक ओळ मागावी.