संकेतार्थ आणि पानिपत

पुण्यातील मंडईची वास्तू १८८६ साली उभी राहिली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. पानिपतावर मराठे जिंकले असते, तर ते पहिले नाव तिला पडले नसते, असे आपण सहज म्हणतो. या क्रियारूपांना व्याकरणात संकेतार्थी म्हणतात. अट घडली नाही, म्हणून फळही नाही, ही कबुली त्या रूपातच असते.

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे सामर्थ्य ही कबुली नाकारण्यात आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ज्या जगात जाऊन पडतात, तेथे विश्वासराव गोळीतून बचावतात, मराठे जिंकतात आणि कंपनीचे राज्य देशभर पसरत नाही. तेथील बखर हे निश्चयार्थाने सांगते. 'असते' जाऊन 'झाले' येते आणि कल्पनेला पुराव्याचे वजन लाभते.

परंतु निश्चयार्थाने घटना सांगता येते, कारण सिद्ध होत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले ते छावणीतील उपासमार असह्य झाल्यामुळे; जाट व राजपूत सोबत नव्हते. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१' या ग्रंथाच्या वाचकास हे विसरता येणार नाही. एका गोळीने त्या दिवसाची लढाई फिरली असती, हे मान्य करू. तथापि गोळी चुकल्याने रसद येत नाही, की दुरावलेले मित्र परतत नाहीत. महासत्तेस या प्रत्येकाचा स्वतंत्र 'जर' लागतो. कथेने एकाच 'जर'वर सारे 'तर' उभारले आहेत.