गर्भनिरोधक इंजेक्शन : ९९ टक्के कोठले?

‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची माहिती देताना ‘९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक’ हे वाक्य हटकून येते. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या आदिवासी तालुक्यांत ते तपासून पाहिले, की त्यातली उणीव दिसते.

या इंजेक्शनात १५० मिलिग्रॅम डीएमपीए असते. हे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कृत्रिम भावंड. स्नायूत टोचलेला साठा सावकाश रक्तात उतरतो. त्यामुळे पियुषिका ग्रंथीकडून बीजांड सुटण्यासाठी येणारा इशारा थांबतो आणि गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. दर तीन महिन्यांनी अगदी वेळेवर घेतल्यास वर्षाला १००० स्त्रियांमागे सुमारे दोघींना गर्भ राहतो. प्रत्यक्ष वापरात मात्र हे प्रमाण १०० मागे सुमारे ४, म्हणजे हजारी ४० होते. औषध तेच. वीसपट फरक पडतो तो मुख्यतः चुकलेल्या तारखांमुळे.

आता डहाणू-तलासरीचे वर्ष पाहा. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर. बरीच थेट पावसाच्या तोंडावर परततात. १५ ऑक्टोबरला पाड्याजवळच्या उपकेंद्रात इंजेक्शन घेतलेल्या बाईची पुढची तारीख १३ आठवड्यांनी, १४ जानेवारीला येते. चार आठवड्यांची सवलत धरली तरी ११ फेब्रुवारी. तेव्हा ती भट्टीवर असते, तिला ओळखणारी आशाताई गावात. एका दिवसाची मजुरी बुडवून अनोळखी दवाखाना शोधायचा, तर घरधन्याला आणि मुकादमाला कारण सांगावे लागते. गुप्तता हा या इंजेक्शनचा मोठा गुण, तो तिथेच संपतो. वर्गात हे तारखांचे गणित मुलांकडून करून घ्यावे. टक्केवारीच्या धड्यापेक्षा ते जास्त शिकवील.

दुष्परिणामांविषयीही असेच. ‘पाळीत थोडा बदल’ असे सांगून बोळवण केली जाते. सुरुवातीच्या महिन्यांत अनियमित, कधी लांबणारा रक्तस्राव होतो. वर्षभरात जवळजवळ निम्म्या जणींची पाळी थांबते. पाळी थांबणे हे रक्तक्षय असलेल्या बाईच्या फायद्याचेच. सिकलसेलच्या रुग्णांनाही हे इंजेक्शन चालते, आणि सिकलसेल या पट्ट्यात आढळतो. पण हे आधी कोणी सांगितले नसेल, तर तीच बाई दिवस गेले की काय या धास्तीने रात्री काढते. उलट आधीच रक्त कमी असताना तीन आठवडे अंगावरून जात राहिले, तर तो ‘थोडा’ बदल राहत नाही. वजन वाढते. हाडांतील खनिजे कमी होतात. इंजेक्शन बंद केल्यावर ती बरीचशी भरून येतात, तरी हाडे अजून घडत असलेल्या कोवळ्या वयात जपूनच द्यायला हवे. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेला साधारण दहा महिने लागतात, हे तर आवर्जून सांगावे. नाहीतर ‘सुईने वांझ केले’ अशी बोलवा होते आणि ती कोणत्याही पत्रकाने पुसता येत नाही.

हा वाद जुना आहे. हैदराबादजवळ पटनचेरू येथे नेट-एन या अशाच इंजेक्शनच्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली जात नसल्याचे पाहून स्त्री शक्ती संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. डीएमपीएला १९९३ मध्ये खासगी विक्रीची परवानगी मिळाली, पण १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात नको असे म्हटले. २०१५ मध्ये मत बदलले आणि २०१७ पासून ‘अंतरा’ आली. त्या विरोधातला नेमका मुद्दा माझ्या मते आजही शाबूत आहे. आधीची तपासणी आणि नंतरची देखरेख जमणार नसेल, तर औषध चांगले असून भागत नाही.

म्हणून इंजेक्शन नाकारावे असे नव्हे. जिथे नसबंदीखेरीज फारसे काही वापरलेच जात नाही, तिथे दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याचे हे साधन मोलाचे आहे. पण दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या बाईशी ऑक्टोबरातच तांबीबद्दल बोलायला हवे. तिला इंजेक्शनच हवे असेल, तर भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता आणि तारीख चुकलीच तर वापरायला निरोधची पाकिटे कार्डासोबत तिच्या हाती द्यायला हवीत.