वस्तू, नाव आणि अर्थ : ‘स्वमग्न वस्तू’ या संज्ञेची चिकित्सा

मुलाने मुठीत घट्ट धरलेल्या वस्तूला शास्त्र कोणते नाव देते, यावर ती वस्तू त्याच्याजवळ राहू द्यावयाची की काढून घ्यावयाची, हे पुष्कळदा ठरते. बालमनोविश्लेषणात या संदर्भात दोन संज्ञा रूढ झाल्या. एखादे बालक गोधडीचा तुकडा उराशी धरून झोपते. त्या तुकड्याला ‘संक्रमण-वस्तू’ म्हटले गेले. स्वमग्न बालक किल्ली अथवा खेळण्यातील मोटार हातातून सोडीत नाही; तिला ‘स्वमग्न वस्तू’ म्हटले गेले. पहिली वाढीचे साधन ठरली, दुसरी वाढीतील अडसर. हा भेद कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली संज्ञा डी. डब्ल्यू. विनिकॉट यांची. १९५१ साली ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे वाचलेला आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयातील मूलभूत लेखन होय. बालकाला ‘मी’ आणि ‘मी नव्हे’ यांतील अंतर उमगू लागते, त्या संधिकाळात ही वस्तू त्याच्या हाती येते. ती त्याने कल्पिली की त्याला बाहेरून मिळाली, हा प्रश्न मोठ्यांनी विचारावयाचा नसतो, असे विनिकॉट यांचे प्रतिपादन आहे. तिच्यात बदल करण्याचा अधिकार केवळ बालकाचा; आईने ती धुतली तरी अनुभवाचे सातत्य तुटू शकते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. बालक या वस्तूला जे नाव देते, त्यात मोठ्यांच्या एखाद्या शब्दाचा अंश बहुधा मिसळलेला असतो. म्हणजे वस्तूप्रमाणे तिचे नावही अर्धे मिळालेले, अर्धे घडविलेले असते.

दुसरी संज्ञा फ्रान्सिस टस्टिन यांनी १९८० सालच्या निबंधात सविस्तर मांडली. त्यांच्या मते स्वमग्न वस्तू बहुधा कठीण असते; तिचा उपयोग तिच्या नेहमीच्या कार्यासाठी होत नाही, तर स्पर्शसंवेदनेसाठी होतो; आणि एक हरवली तर तिच्यासारखीच दुसरी चालते. ती आईच्या अनुपस्थितीचे प्रतीक होत नाही. उलट अनुपस्थितीची जाणीवच होऊ देत नाही. टस्टिन यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे, आणि मऊपणा व काठिण्य यांतील भेदाकडे त्यांनी प्रथमच एवढ्या गांभीर्याने लक्ष वेधले, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि या उपपत्तीत एक तार्किक उणीव आहे. वस्तू कठीण आहे, हे डोळ्यांनी दिसते. ती प्रतीक नाही, हे मात्र दिसत नाही, ते अनुमानाने ठरवावे लागते. गोधडीच्या तुकड्याचा अर्थ तरी निरीक्षकाला कसा कळतो? त्याचा इतिहास आई सांगते आणि पुढे बालकही बोलू लागते, म्हणून. जे मूल बोलत नाही, किंवा ज्याचे बोलणे असंबद्ध वाटते, त्याच्या वस्तूचा इतिहास अज्ञात राहतो, आणि निरीक्षकाचे हे अज्ञान वस्तूच्या अर्थशून्यतेचा पुरावा म्हणून नोंदले जाते.

हे अनुमान किती फसवे असू शकते, हे लिओ कॅनर यांच्या १९४६ सालच्या निबंधावरून दिसते. १९४३ साली अकरा मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख करून देणारे तेच हे कॅनर. या दुसऱ्या निबंधाचा विषय अशा मुलांची वरवर असंबद्ध वाटणारी भाषा हा आहे. चिकित्सालयात एक मुलगा कुत्र्याला सज्जावरून खाली टाकू नये, अशा अर्थाचे वाक्य उच्चारी. तेथे कुत्रा नव्हता, सज्जाही नव्हता. चौकशीअंती कळले की तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात तो आपला खेळण्यातील कुत्रा सज्जावरून खाली टाकी, आणि तो आणून आणून थकलेल्या आईने त्रासून त्याला त्याच शब्दांत बजावले होते. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला की मुलगा ते वाक्य उच्चारून स्वतःला आवरी. खेळणे जवळ नव्हते; वाक्य मात्र त्याने एक अक्षरही न बदलता, एखाद्या वस्तूप्रमाणे जपले होते. त्याचा अर्थ खाजगी होता, पण तो अर्थच होता. आणि तो आईला विचारल्यावाचून कोणालाही कळला नसता.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रत्येक किल्लीमागे अशी कथा असेलच असे नाही. पुष्कळ वस्तू केवळ संवेदनेसाठीच धरल्या जातात. आक्षेप रास्त आहे. परंतु संवेदना म्हणजे निरर्थकता नव्हे. स्वतः स्वमग्न असलेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांना आवळून स्थिर धरणाऱ्या चौकटीवरून तरुणपणी स्वतःसाठी दाबयंत्र बनविले, आणि त्याच्या दाबाने मन शांत होते, हे पुढे लिहून ठेविले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-संहितेतही वस्तूंविषयीची तीव्र आसक्ती आणि संवेदनांना मिळणारा अधिक वा उणा प्रतिसाद ही लक्षणे एकाच गटात आहेत. ज्या मुलाला गलबला असह्य होतो, त्याच्या हातातील थंड, कठीण, न बदलणारी वस्तू हा जगाकडे पाठ फिरविण्याचा प्रकार नसून जगात टिकून राहण्याचा उपायही असू शकेल.

टस्टिन यांची बौद्धिक प्रामाणिकता येथे नमूद करावयास हवी. अर्भकावस्थेत स्वमग्नतेचा एक स्वाभाविक टप्पा असतो, हे आपलेच पूर्वीचे मत चुकीचे होते, असे त्यांनी १९९४ सालच्या लेखात जाहीरपणे मान्य केले. मात्र त्या मताच्या छायेत वाढलेली संज्ञा मागे राहिली. संज्ञांचे असेच होते. उपपत्ती मागे घेता येते, विशेषण सहसा मागे घेता येत नाही.

मराठीत हा धोका अधिक आहे. ‘स्वमग्न’ या शब्दातील ‘मग्न’ हे पद मूल कोठे बुडाले आहे, याचा निर्णय आधीच देऊन टाकते. आणि तेच विशेषण वस्तूला लावले की मुलाविषयीचे अनुमान वस्तूचा गुणधर्म बनते. वस्तुतः किल्ली न्याहाळणारे मूल त्या क्षणी ‘स्व’मध्ये नव्हे, किल्लीत मग्न असते. तेव्हा मराठीतील नव्या विवेचनाने ही संज्ञा टाळून ‘आधारवस्तू’ असा तटस्थ शब्द दोन्ही प्रकारच्या बालकांसाठी योजावा, आणि मऊ-कठीण, एकमेव-बदलती हे भेद निरीक्षण म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावेत. मुलाच्या मुठीतून वस्तू सोडविण्यापूर्वी तिचा इतिहास विचारला जावा, एवढे जरी या नामांतराने साधले, तरी ते पुरेसे आहे.