काहीही बिघडलेले नाही!

समीक्षा कशाचीही होऊ शकते, असे माझे नम्र मत आहे. कवितासंग्रहाची होते, नाटकाची होते, लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत होते. मग विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरात फुकट मिळणाऱ्या आणि तरीही उपेक्षित राहिलेल्या एका कृतीवरच अन्याय का? विंडोजची कळ दाबून धरा, 'आर' दाबा, चौकटीत इंग्रजीत 'डीएक्सडायग' लिहा आणि एंटर मारा. जे उघडते ते डायरेक्टएक्सचे निदानपत्र. त्याचेच हे परीक्षण.

या कृतीकडे कोणी रसिकतेने वळत नाही. संकटच माणसाला तिथे नेते. चिरंजीव २००६ सालचा एखादा खेळ हौसेने नव्या कॉम्प्युटरवर चढवतात आणि पडद्यावर निरोप झळकतो, की 'डी३डीएक्स९_३०.डीएलएल' नावाची फाईल सापडत नाही, सबब पुढे जाता येत नाही. नाव वाचून आधी वाटते, कुणाच्या तरी स्कूटरचा नंबर असावा. मग सोसायटीतला जाणकार येतो. (प्रत्येक सोसायटीत एक असतोच. नसला, तर कोणीतरी होतो.) तो सांगतो, "तुमचं डायरेक्टएक्स जुनं झालंय. व्हर्जन बघा." आणि गृहस्थ निदानपत्र उघडतो.

शैली रूक्ष, पण नेटकी. पहिल्या पानावर कुळकथा: तारीख, कॉम्प्युटरचे नाव, प्रोसेसर, मेमरी. अगदी शेवटच्या ओळीत डायरेक्टएक्सचे व्हर्जन: १२. पुढच्या पानांवर ग्राफिक्स कार्ड, आवाज, माउस वगैरे पात्रांचा परिचय. आणि त्या पानांच्या तळाशी, 'नोट्स' या चौकटीत, एक शांतरसपूर्ण वाक्य: कोणतीही अडचण आढळली नाही.

खेळ मागतोय ९, घरात आहेत १२, आणि अडचण काहीच नाही. तरी खेळ चालत नाही! खरे नाट्य इथे आहे. कारण वाचकहो, दोघांपैकी एकही खोटे बोलत नाही.

हे समजायला थोडा पूर्वेतिहास हवा. खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये बोलणी करणारा मध्यस्थ म्हणजे डायरेक्टएक्स. मायक्रोसॉफ्टने तो १९९५ साली आणला. त्याच्या आवृत्त्यांची मोजणी सुरुवातीपासूनच स्वतंत्र बाण्याची. तिसरीनंतर एकदम पाचवी आली, चौथी प्रसिद्ध झालीच नाही. बारावी २०१५ साली विंडोज १० बरोबर आली. हा मुख्य मध्यस्थ विंडोजमध्येच मुरलेला असतो, आणि निदानपत्र बोलते ते त्याच्याबद्दल.

पण या मध्यस्थाच्या हाताखाली काही मदतनीस फाइली होत्या. फेब्रुवारी २००५ ते जून २०१० या काळात त्यांतली एक जात दर थोड्या महिन्यांनी नवा नंबर घेऊन जन्माला येई. २४ पासून ४३ पर्यंत, म्हणजे एकूण वीस भावंडे. आणि भावंडे अशी, की एकाचे काम दुसरा करणार नाही. खेळाने तीस नंबर मागितला तर तीसच हवा. त्रेचाळीस दाराशी उभा असला तरी त्याला आत घेत नाहीत. ही मंडळी विंडोजबरोबर येत नाहीत. ज्याने खेळ विकला त्याने ती बरोबर धाडायची, असा रिवाज.

आम्हा बँकवाल्यांना हा घोळ चटकन कळतो. खातेदार विचारतो, "माझ्या मुदत ठेवीची पावती सापडत नाही, बघता का?" आणि खिडकीतून उत्तर येते, "बँकेची स्थिती उत्तम आहे." विधान शंभर टक्के खरे. फक्त ते कुणी विचारले नव्हते.

उपाय साधा आहे. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर जून २०१० चा जुळवलेला संच मिळतो, पंच्याण्णव एमबीच्या आसपास. पण हे नाटक दोन अंकी. पहिल्या अंकात तो फक्त विचारतो, सामान कुठे ओतू? सामान ओतले की पडदा पडतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात. वास्तविक त्या ढिगातून 'डीएक्ससेटअप' शोधून चालवणे हा दुसरा अंक, आणि कथानक सगळे त्यातच.

तेही पार पाडून गृहस्थ मोठ्या आशेने पुन्हा निदानपत्र उघडतो. व्हर्जन? १२. जसेच्या तसे! कारण हा संच मुख्य व्हर्जनला हातच लावत नाही. फाईल खरोखर आली का, हे फोल्डरात बघावे म्हटले तर तिथे वेगळा विनोद. ६४-बिट फाइली राहतात त्या फोल्डराचे नाव सिस्टम३२, आणि जुन्या खेळांना लागणाऱ्या ३२-बिट फाइली राहतात सिसवॉव६४ मध्ये. आमच्या चाळीतसुद्धा दारांवरच्या पाट्या इतक्या बदललेल्या नव्हत्या.

पहिल्या पानावरचा तो १२ सुद्धा विंडोजचा, कार्डाचा नव्हे. कार्डाची खरी कुवत डिस्प्लेच्या पानावर 'फीचर लेव्हल्स' या ओळीत लिहिलेली असते. तिथे ११_० वर यादी थांबली असेल, तर पहिल्या पानावरच्या बाराने हुरळून जाण्यात अर्थ नाही.

या कृतीवर खोटेपणाचा आरोप मला करता येत नाही. हीच तर पंचाईत. खोटे बोलणाऱ्याशी भांडता येते. खरे बोलून गप्प बसणाऱ्यापुढे माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. 'अडचण नाही' असे छापील वाचल्यावर कोणी नवे कार्ड घेऊन पैसे घालवतो, कोणी परक्या साइटवरून ती एकच सुटी फाईल उतरवून घेतो आणि तिच्याबरोबर नको ते पाहुणेही. आणि पुष्कळसे वडील मुलाला म्हणतात, "मला नाही बाबा यातलं कळत." हे वाक्य मला फार लागते. ज्याला कळत नाही म्हणतात, त्याने वाचायचे ते सगळे नीट वाचलेले असते.

पुढच्या आवृत्तीत एकच ओळ वाढवावी, अशी शिफारस करतो: 'मी पाहिले तेवढ्यात अडचण आढळली नाही. मदतनीस फाइली मी पाहिल्या नाहीत.' एवढ्या प्रामाणिकपणाने कृतीची उंची वाढेल. आणि सोसायटीतल्या जाणकाराचे महत्त्व थोडे कमी होईल, तो फायदा निराळाच.