एका आकड्याचा आधार : राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाची चिकित्सा

भारत सरकारने १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले. माल बांधणे, साठविणे, चढविणे-उतरविणे, वाहून नेणे आणि त्यासंबंधीची कागदपत्रे पुरी करणे या सर्व क्रियांचा समुच्चय म्हणजे लॉजिस्टिक्स, असा अर्थ येथे घ्यावयाचा आहे. या क्रियांचा खर्च २०३० पर्यंत जागतिक मानदंडांच्या तोडीस आणणे, जागतिक बँकेच्या निर्देशांकात पहिल्या पंचवीस देशांत स्थान मिळविणे आणि नियोजनाला आकडेवारीचा भक्कम आधार देणारी यंत्रणा उभारणे, ही या धोरणाची प्रमुख उद्दिष्टे होत. उद्दिष्टांविषयी मतभेद संभवत नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ती मोजण्याच्या मापाचा, आणि त्या मापातून निसटणाऱ्या प्रश्नांचा.

धोरणाच्या घोषणेच्या प्रसंगी हा खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या शेकडा १३-१४ आहे असे गृहीत धरून तो एक आकडी प्रमाणावर आणण्याचा संकल्प बोलून दाखविण्यात आला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने सरकारसाठी केलेली गणना प्रसिद्ध झाली. तीनुसार २०२१-२२ मध्ये हे प्रमाण शेकडा ७.८ ते ८.९ होते. याचा अर्थ असा की, जे गाठण्याचा संकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये सोडला गेला, ते त्याच्या आदल्या आर्थिक वर्षीच गाठलेले होते. आकडा उतरला तो एकही नवी मालगाडी धावल्यामुळे नव्हे, तर मोजण्याची रीत बदलल्यामुळे. सरकारने स्वतःच ही गणना करवून ती प्रसिद्ध केली, ही गोष्ट प्रशंसनीय होय. परंतु निदान आधी व तपासणी मागाहून, हा क्रम नियोजनशास्त्राला मानवणारा नाही.

आकडा अचूक ठरला तरी माप म्हणून त्याची योग्यता वेगळी तपासावी लागते. सेवाक्षेत्र वाढून छेद फुगला, की मालवाहतुकीत काडीचीही सुधारणा न होता हे प्रमाण घटते. अंशाची गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथे नोंदला जातो तो कोणीतरी चुकता केलेला खर्च. जो कोणीच चुकता करीत नाही, तो नोंदला जात नाही. गोदामाच्या फाटकाबाहेर चालकाने बिनमोबदला काढलेली रात्र कोणत्याही हिशेबात येत नाही. जुलै २०१८ मध्ये ट्रकच्या प्रत्येक ॲक्सलवरील अनुज्ञेय भार वाढविण्यात आला. त्यामुळे दर टनामागील भाडे उतरण्यास वाव मिळाला, हे खरे. परंतु अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचण्यांपासून अभियंते असे मानीत आले आहेत की, रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या सुमारे चौथ्या घातानुसार वाढते. भार शेकडा २० नी वाढला, तर त्या ॲक्सलच्या प्रत्येक फेरीने होणारी झीज जवळजवळ दुप्पट होते. खाजगी क्षेत्राचा खर्च कमी झाला, सार्वजनिक क्षेत्राचा वाढला. आणि आपले माप मात्र याला काटकसर म्हणते.

येथून आपण मूळ प्रश्नाशी येऊन पोहोचतो. रेल्वे व रस्ते यांचा समन्वय हा विषय नवा नाही. १९३३ चा मिचेल-कर्कनेस अहवाल, १९३९ चा मोटार वाहन कायदा आणि १९५९ मध्ये नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या व १९६६ मध्ये अंतिम अहवाल देणाऱ्या समितीचे कार्य, या सर्वांचा रोख त्याकडेच होता. तरीही १९५०-५१ मध्ये मालवाहतुकीत शेकडा ८९ च्या घरात असलेला रेल्वेचा वाटा आज एक-तृतीयांशाहूनही कमी झाला आहे. प्रवासी वाहतुकीतील तूट मालभाड्यातून भरून काढण्याची प्रथा हे त्याचे एक ठळक कारण होय. राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३० पर्यंत हा वाटा शेकडा ४५ करावयाचे ठरविले. परंतु माल कोणत्या मार्गाने पाठवावयाचा, हे कोणतेही मंत्रालय ठरवीत नाही. ते ठरवितो माल पाठविणारा व्यापारी, भाडे व भरवसा पाहून.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या गतिशक्ती योजनेने व या धोरणाने साधला आहे तो प्रामुख्याने सरकारी खात्यांचा परस्पर समन्वय. तो आवश्यकच होता. सरकार व खाजगी व्यावसायिक यांच्या संबंधांची घडी मात्र त्याने बसत नाही. २००६ मध्ये कंटेनर-गाड्या चालविण्याची मुभा खाजगी कंपन्यांना मिळाली. सर्व देशभर गाड्या चालविण्याच्या परवान्यासाठी त्यांनी पन्नास कोटी रुपये भरले. लोहमार्ग रेल्वेचा, त्याच्या वापराचे दर ठरविणारी रेल्वे, आणि प्रमुख प्रतिस्पर्धी म्हणजे रेल्वे मंत्रालयाच्याच अधिपत्याखालील कंटेनर कॉर्पोरेशन, अशी ही रचना होती. याउलट न्हावा-शेवा येथे १९९९ मध्ये पहिला खाजगी कंटेनर-धक्का सुरू झाला, तेव्हा बंदराचा स्वतःचा धक्का चालू असूनही दोघांचे दर ठरविण्याचे काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या वेगळ्या प्राधिकरणाकडे होते. त्या प्राधिकरणाच्या निर्णयांवर वाद झाले, आणि २०२१ च्या कायद्याने ती व्यवस्था बदललीही. परंतु स्पर्धकानेच पंच व्हावयाचे नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले होते. रेल्वेसाठी स्वतंत्र नियामक असावा, असे २०१४ मध्ये राकेश मोहन समितीने व २०१५ मध्ये विवेक देबरॉय समितीने सुचविले. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ज्या रेल्वे विकास प्राधिकरणाला संमती दिली, त्याला भूमिका मिळाली ती शिफारशीची, निर्णयाची नव्हे. मालवाहतुकीचे धोरण म्हणविणाऱ्या योजनेने हा प्रश्न केंद्रस्थानी घ्यावयास हवा होता.

ट्रक-वाहतुकीच्या बाजूला अडचण उलट प्रकारची आहे. तेथील बहुसंख्य मालकांजवळ चार-पाच ट्रकही नसतात. त्यांची पोकळ परतफेर, कर्जाचा हप्ता, दलालाची कसर यांची पद्धतशीर नोंद क्वचितच होते. सरकारी खात्यांची माहिती एकत्र जोडणारी यंत्रणा उत्तम असली, तरी जी माहिती मुळात गोळाच झालेली नाही, ती तीतून बाहेर पडणार नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी गोगटे यांच्या सहकार्याने मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली होती. विषय प्रवासी वाहतुकीचा असला, तरी धोरणापूर्वी पाहणी, ही तिची शिस्त मालवाहतुकीलाही तितकीच लागू पडते.

सारांश, या धोरणाचा दोष महत्त्वाकांक्षेचा नाही. देशाचे एकच प्रमाण खाली आणावयाचे, असे ठरविले की तो खर्च कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर गेला, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. मालवाहतुकीच्या नियोजनात तोच प्रश्न पहिला असावयास हवा. आपल्या विभागातील संशोधकांनी एखादाच मार्ग व एखादाच माल घेऊन, शेतापासून बाजारापर्यंतचा प्रत्येक रुपया कोणी भरला व कोणता भार कोणी न भरताच राहिला, एवढे जरी मांडून दाखविले, तरी पुढील धोरणाला आज नसलेला पाया मिळेल.